बार्बोझाची पन्नास वर्षे



इतिहासावर व्याख्यान म्हटले म्हणजे श्रोत्यांची अपेक्षा एखाद्या लढाईची, एखाद्या तहाची, निदान एखाद्या दरबारी कारस्थानाची असते. आज आम्ही ज्याची हकीगत सांगणार आहोत तो मनुष्य सेनापती नव्हता आणि मुत्सद्दीही नव्हता. तो ब्राझील देशातला फुटबॉलचा एक खेळाडू होता. आणि खेळाडूंतही गोल करणारा नव्हे, गोल अडविणारा. यात इतिहास कोठे आहे, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आरंभीच देऊन टाकतो. एखादी घटना घडते, तिला दोन-तीन सेकंद लागतात. मग ती घटना सांगण्याचे काम सुरू होते, आणि ते पन्नास पन्नास वर्षे चालते. त्या सांगण्यात कोणाचे नाव ठळक होते आणि कोणाचे नाव हळूच गळून पडते, हे पाहणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे कामच आहे.

आपल्या भाषेत ‘पानिपत होणे’ असा वाक्प्रचार आहे. पानिपतावर आपण कोणामुळे हरलो याचा वाद आपल्याकडे अडीचशे वर्षे चालू आहे. कोणी भाऊसाहेबांकडे बोट दाखवितो, कोणी मल्हाररावांकडे. आणि वाद चालू आहे हेच एका अर्थी आपले भाग्य, कारण त्यामुळे दोष निदान वाटला तरी गेला. ब्राझीलचे पानिपत १६ जुलै १९५० रोजी रिओ दि जानेरो शहरात झाले. तेथे फारसा वाद झालाच नाही. बहुतेकांची बोटे एकाच माणसाकडे वळली, आणि तो मनुष्य मरेपर्यंत ती खाली आली नाहीत. त्याचे नाव मोआसीर बार्बोझा.

बार्बोझाचा जन्म २७ मार्च १९२१ रोजी साव पावलो प्रांतातील कांपिनास या गावी झाला. तो काळ्या वर्णाचा होता. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १३ मे १८८८ रोजी. सबंध अमेरिका खंडात सर्वांत शेवटी. म्हणजे बार्बोझा जन्मला तेव्हा त्या गोष्टीस अवघी तेहतीस वर्षे झाली होती. गुलाम म्हणून जन्मलेली माणसे त्याच्या बालपणी रस्त्याने हिंडत होती.

फुटबॉल हा त्या देशात इंग्रजांच्या संगतीने आलेला खेळ. आरंभी तो सधन गोऱ्या कुटुंबांतल्या तरुणांचा शौक होता. रिओमधील मोठमोठ्या क्लबांत काळ्या माणसाला मैदान सारवण्यापलीकडे काम नसे. या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का ज्या क्लबाने दिला त्याचे नाव आपणांस ऐकून ठाऊक आहे, कारण त्याच नावाचे एक शहर आपल्या गोव्यात आहे. तो क्लब म्हणजे वास्को द गामा. १४९८ साली वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्यास लागला, त्या सफरीला चारशे वर्षे झाली त्या सुमारास, म्हणजे १८९८ साली, रिओतील पोर्तुगीज वस्तीच्या लोकांनी हा क्लब काढला. प्रथम तो नावा वल्हविण्याचा क्लब होता. आमच्या किनाऱ्यावर या नावाने जे काही केले ते आम्ही विसरलेलो नाही. पण त्याच नावाच्या क्लबाने दूर रिओमध्ये एक चांगले काम केले, तेही नमूद केले पाहिजे.

१९२३ साली वास्कोने काळे, मिश्रवर्णी आणि कामकरी वर्गातले खेळाडू घेऊन रिओचे अजिंक्यपद मिळविले. मोठ्या क्लबांना हे रुचले नाही. फ्लुमिनेन्से, फ्लामेंगो, बोताफोगो आदींनी पुढल्या वर्षी आपला निराळा संघ काढला आणि वास्कोला कळविले की, तुम्हांस आत यावयाचे असेल तर तुमचे बारा खेळाडू गाळा. कारण उघडपणे रंगाचे दिले नव्हते. खेळाडूचा धंदा काय, त्याला लिहिता-वाचता येते की नाही, असल्या चौकशीच्या आडून ते आले होते. वास्कोचे अध्यक्ष जुझे आउगुस्तो प्रेस्तिस यांनी ७ एप्रिल १९२४ रोजी पत्र लिहून ही अट नाकारली. आमच्या या तरुणांचा बळी देऊन आम्हांस तुमच्यात यावयाचे नाही, असा त्या पत्राचा आशय. पुढे मोठ्या क्लबांनाच नमते घ्यावे लागले, आणि १९२७ साली वास्कोने वर्गणी गोळा करून साव जानुआरियो हे स्वतःचे क्रीडांगण बांधले. ७ एप्रिल ही तारीख श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, ती पुन्हा येणार आहे.

या क्लबात बार्बोझा १९४५ साली दाखल झाला. त्यापूर्वी तो साव पावलो शहरात खेळत असे. आरंभी बगलेवर धावणारा खेळाडू म्हणून, मग गोलरक्षक म्हणून. इपिरांगा या क्लबात त्याचे नाव झाले आणि वास्कोने त्याला रिओला नेले.

गोलरक्षकाचे काम खेळातल्या इतर दहा जणांपेक्षा निराळे असते. आघाडीच्या खेळाडूने पाच संधी दवडल्या आणि सहावी साधली तर लोक त्याला डोक्यावर घेतात. गोलरक्षकाने पाच गोल वाचविले आणि सहावा सोडला, तर तो सहावाच काय तो लक्षात राहतो. बार्बोझा हातमोजे न घालता खेळे. उघड्या हातांवर चामड्याचा जड चेंडू झेलून झेलून त्याची बोटे मोडली, जुळली, वाकडी झाली. म्हातारपणी त्याचे हात पाहणाऱ्यांनी त्या बोटांचे वर्णन करून ठेवले आहे. पण त्याची ख्याती धाडसापेक्षा अंदाजाबद्दल अधिक होती. चेंडू कोठे जाणार हे आधी ओळखून तो तेथे जाऊन उभा राहत असे. त्याचा हा गुणच पुढे त्याच्या गळ्याशी आला.

त्या काळातल्या वास्कोच्या संघाला लोक ‘विजयाची एक्स्प्रेस’ म्हणत. बार्बोझा गोलात असताना वास्कोने १९४५, १९४७ आणि १९४९ साली रिओचे अजिंक्यपद पटकाविले. १९४८ साली चिलीची राजधानी सांतियागो येथे दक्षिण अमेरिकेतील विजेत्या क्लबांची स्पर्धा भरली. आजच्या खंडीय क्लबस्पर्धांची ही पूर्वज म्हणावयास हरकत नाही. वास्को तेथे सहा सामने खेळला, एकही हरला नाही, आणि त्या सहा सामन्यांत बार्बोझावर फक्त तीन गोल झाले. अखेरच्या सामन्यात समोर अर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट क्लब होता; त्यात पुढे जगभर गाजलेला दि स्तेफानो खेळत होता. सामना शून्य-शून्य असा सुटला आणि पदक वास्कोला मिळाले. पुढल्या वर्षी ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाने दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद मिळविले. सत्तावीस वर्षांत ते ब्राझीलला मिळाले नव्हते. निर्णायक सामन्यात पॅराग्वेचा सात-शून्य असा पराभव झाला. गोलात बार्बोझाच होता. १९५० साल उजाडले तेव्हा तो ब्राझीलचा सर्वांत चांगला गोलरक्षक आहे याबद्दल जाणत्यांत दुमत नव्हते. हे आम्ही आकडे देऊन सांगतो, कारण पुढे हे सारे पुसले गेले.

१९५० ची विश्वचषक स्पर्धा ब्राझीलने आपल्या देशात भरविली. महायुद्धानंतरची ती पहिलीच. तिच्यासाठी रिओत माराकाना हे प्रचंड क्रीडांगण ऑगस्ट १९४८ ते जून १९५० एवढ्या अवधीत उभारले. स्पर्धा सुरू झाली तरी कामाठी हललेले नव्हते. नव्या युगाचा, नव्या ब्राझीलचा तो देखावा होता, आणि देखाव्याला साजेसा विजय हवा होता.

येथे एक प्रश्न कोणाच्याही मनात येईल: आपला देश तेथे कोठे होता? या स्पर्धेत भारताला जागा मिळाली होती. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात आपले नाव होते, आणि आपण गेलो नाही. अनवाणी खेळू देत नव्हते म्हणून गेलो नाही, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक गडी अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून एक-दोन असे थोडक्यात हरले, हे खरे; त्यावरून ही कथा रुजली. पण आपल्या संघटनेने त्या वेळी दिलेली कारणे संघनिवडीतील मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ ही होती. शिवाय लांबचा प्रवास होता, आणि आपल्याकडे त्या वेळी ऑलिंपिकपुढे विश्वचषकाला कोणी विचारीत नव्हते. एक चटकदार कारण सापडले की बाकीची साधी कारणे लोक विसरतात. आजच्या विषयाशी या गोष्टीचा संबंध आहे तो एवढाच. असो.

ब्राझीलचा संघ त्या स्पर्धेत कसा खेळला? मेक्सिकोवर चार-शून्य, स्वित्झर्लंडशी दोन-दोन अशी बरोबरी, युगोस्लाव्हियावर दोन-शून्य. मग चार देशांचा अखेरचा गट. त्यात स्वीडनवर सात-एक आणि स्पेनवर सहा-एक. स्पेनविरुद्धच्या सामन्यात लाखो लोकांनी एका सुरात गाणे म्हटले, त्याच्या आठवणी रिओचे लोक कित्येक वर्षे सांगत. राहिला उरुग्वे. उरुग्वेने स्पेनशी बरोबरी केली होती आणि स्वीडनला जेमतेम तीन-दोन असे हरविले होते. गुणांचा हिशेब असा होता की, ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती.

हा हिशेबच घातक ठरला, असे आमचे मत आहे. सामन्याआधीच विजय वाटून झाला. ‘ओ मुंदो’ या वृत्तपत्राने संघाचे छायाचित्र छापून हेच जगज्जेते असे जाहीर केले. ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. संघाचा मुक्काम शांत जागेवरून हलवून साव जानुआरियोवर आणलेला होता, आणि पुढारी, उमेदवार, हौशे, गवसे तेथे खेळाडूंचे हात हाती घेऊन छायाचित्रे काढवीत होते. सामन्याच्या दिवशी रिओचे महापौर ध्वनिक्षेपकावरून बोलले, तेही खेळाडूंना विजेते म्हणून संबोधूनच. प्रेक्षक किती होते? तिकीट घेतलेल्यांचीच नोंद १,७३,८५० अशी आहे. एकूण आकडा दोन लाखांच्या घरात जातो. रिओची लोकवस्ती तेव्हा चोवीस लाखांच्या आत होती. म्हणजे शहरातल्या दर बारा माणसांमागे एक त्या क्रीडांगणात हजर होता म्हणा ना.

पूर्वार्धात गोल झाला नाही. मध्यंतरानंतर दुसऱ्याच मिनिटाला फ्रियासाने ब्राझीलचा गोल केला. तेव्हा उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलियो व्हारेला याने चेंडू काखेत मारला आणि तो सावकाश पंचांकडे चालत गेला. गोल ऑफसाइड होता, अशी त्याने तक्रार मांडली. पंच इंग्रज, जॉर्ज रीडर नावाचे. त्यांना स्पॅनिश येईना, याला इंग्रजी येईना. तक्रार टिकणार नाही हे व्हारेलाला पक्के ठाऊक होते. त्याला हवा होता तो वेळ. दोन लाख माणसांचा जल्लोष त्या घोळात ओसरला, आणि मग त्याने चेंडू मध्यावर ठेवला. अशी माणसे लढाया जिंकून देतात.

उरुग्वेच्या उजव्या बगलेवर आल्सिदेस घिजिया हा हलका, चपळ गडी होता. त्याच्यासमोर ब्राझीलचा बिगोदे. घिजिया बिगोदेला मागे टाकून धावे तेव्हा त्याला अडवावयास मागून दुसरा कोणी वेळेवर येत नव्हता. ते काम जुव्हेनालचे होते असे पुढे म्हणण्यात आले. सहासष्टाव्या मिनिटाला घिजिया असाच धावत गोलरेषेजवळ आला आणि त्याने चेंडू मागे, मध्यभागी उभ्या असलेल्या स्कियाफिनोकडे दिला. स्कियाफिनोने तो जाळ्यात मारला. एक-एक. तरीही चषक ब्राझीलचाच होता. पण त्या क्षणी क्रीडांगण गप्प झाले, आणि ती शांतता खेळाडूंच्या पायांत उतरली. शिक्षक फ्लाव्हियो कोस्ता यांनी त्या बाजूला जादा माणूस लावला नाही. आघाडीच्या कोणी मागे येऊन बिगोदेला हात दिला नाही.

एकोणऐंशीव्या मिनिटाला घिजिया पुन्हा त्याच वाटेने आला. आता श्रोत्यांनी क्षणभर बार्बोझाच्या जागी उभे राहावे. तेरा मिनिटांपूर्वी हाच मनुष्य याच ठिकाणाहून आला होता आणि त्याने चेंडू मध्यभागी दिला होता. आताही मध्यभागी उरुग्वेचे गडी धावत येत आहेत. घिजिया ज्या कोनात आहे त्या कोनातून गोलात मारणे कठीण. खांब आणि गोलरक्षक यांच्यामध्ये फट अगदी थोडी. शहाणा गोलरक्षक काय करील? तो खांबापासून एक पाऊल सरकून मध्यभागाकडे येईल आणि येणारा चेंडू मध्येच हेरील. बार्बोझाने तेच केले. घिजियाने ते पाऊल पाहिले आणि चेंडू त्या चिंचोळ्या फटीतून मारला. बार्बोझा डावीकडे झेपावला. चेंडूला आपला हात लागला, तो बाहेर गेला, आता कॉर्नर, असे त्याला वाटले. मग ती भयाण शांतता त्याच्या कानी आली आणि त्याने मागे वळून पाहिले.

घिजियाने स्वतः पुढे कबूल केले की, बार्बोझाने तर्काला धरून केले आणि आपण तर्काला सोडून. जिंकणाऱ्याची ही साक्ष आमच्या मते सर्वांत वजनदार आहे. परंतु ती कोणी ऐकली नाही.

फुटबॉलच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष ज्यूल रिमे हे पोर्तुगीज भाषेत ब्राझीलच्या अभिनंदनाचे भाषण खिशात घेऊन खाली उतरले. जिन्यात असतानाच चित्र पालटले. मानवंदना नाही, राष्ट्रगीत नाही; त्या गोंधळात त्यांनी व्हारेलाला गाठले आणि चषक जवळजवळ चोरून त्याच्या हाती दिला. त्या रात्री व्हारेला आपल्या मंडळींना सोडून रिओच्या दारूच्या गुत्त्यांत जाऊन बसला. तेथे रडणाऱ्या ब्राझिली लोकांमध्ये बसून त्याला आपल्याच विजयाचा पश्चात्ताप झाला, असे त्याने पुढे सांगितले.

दुसऱ्या दिवसापासून सांगण्याचे काम सुरू झाले. संघाने सहा सामन्यांत बावीस गोल केले होते आणि सहा सोसले होते. अखेरच्या सामन्यात नुसत्या बरोबरीची गरज असताना आघाडीला फक्त एक गोल करता आला. शिक्षकांनी उघडी पडलेली बाजू झाकली नाही. पुढाऱ्यांनी खेळाडूंची झोप घालविली, वृत्तपत्रांनी विजय आगाऊ छापला. एवढी सारी कारणे समोर असताना दोष तिघांना चिकटला: बार्बोझा, बिगोदे आणि जुव्हेनाल. तिघेही सावळ्या-काळ्या वर्णाचे. व्हारेलाने बिगोदेला थप्पड मारली आणि तो घाबरला, अशी एक कंडी उठली. दोघांनीही ती जन्मभर नाकारली, तरी ती मेली नाही. आणि तिघांतही बिगोदे व जुव्हेनाल यांची नावे हळूहळू मागे पडली. उरला बार्बोझा. काळ्या माणसाला गोलात उभे करू नये, त्याची छाती ऐनवेळी फुटते, हे शहाणपण त्या देशात रूढ झाले. गुलामगिरी जाऊन बासष्ट वर्षे झाली होती.

विशेष हे की, त्याच माणसांत त्याचे काम चालूच होते. १९५० चे रिओचे अजिंक्यपद पुन्हा वास्कोलाच मिळाले. एप्रिल १९५१ मध्ये वास्कोचा संघ उरुग्वेत, मोंतेविदेओला गेला आणि तेथे पेन्यारोल क्लबाला त्याने तीन-शून्य असे हरविले. पेन्यारोल म्हणजे व्हारेला, घिजिया, स्कियाफिनो यांचा क्लब. पण अशा सामन्याने पानिपत फिटत नसते. राष्ट्रीय संघात बार्बोझाला त्यानंतर १९५३ साली एकदाच बोलावले. त्याच वर्षी एका सामन्यात त्याचा पाय मोडला आणि १९५४ च्या विश्वचषकाची आशा संपली. शिक्षक कोस्ता यांच्याकडे मात्र १९५५ साली राष्ट्रीय संघ पुन्हा सोपविण्यात आला. आम्ही याबद्दल कोस्तांना दोष देत नाही. ते जाणते गृहस्थ होते. एकाच पराभवाची दोन माणसांना दोन निराळी माफी मिळते, एवढेच दाखवावयाचे आहे.

ब्राझीलने त्या पराभवाचे कपडेसुद्धा टाकून दिले. संघाचा पोशाख तेव्हा पांढरा होता. तो अशुभ ठरला, आणि १९५३ साली ‘कोरेयो दा मान्यां’ या वृत्तपत्राने नव्या पोशाखासाठी स्पर्धा लावली. ती आल्दिर शिली या एकोणीस वर्षांच्या तरुणाने जिंकली. आज सारे जग ज्याला ओळखते तो पिवळा सदरा त्याचा. गंमत अशी की, हा तरुण उरुग्वेच्या सरहद्दीवरच्या गावचा, आणि त्याचे मन खेळात उरुग्वेच्या बाजूचे. कपडे बदलता आले. बार्बोझाला कातडी बदलता येण्यासारखी नव्हती.

तो १९६२ पर्यंत खेळत राहिला. रेसिफे शहरातील सांता क्रुझ, मग पुन्हा वास्को, १९५८ चे आणखी एक अजिंक्यपद, आणि अखेर रिओतील कांपो ग्रांदे हा लहान क्लब. तेव्हा त्याचे वय एकेचाळीस होते. खेळ सुटल्यावर पोटासाठी त्याने नोकरी धरली, आणि दैवाची थट्टा पाहा, ती माराकाना क्रीडांगणाच्याच आवारात, तेथल्या पोहण्याच्या तलावाकडे. ज्या जागेने त्याचे नाव काळे केले तेथे तो वर्षानुवर्षे हजेरी लावीत होता. क्रीडांगणाचे जुने चौकोनी लाकडी गोलखांब १९६३ च्या सुमारास बदलले. ते त्याला भेट मिळाले आणि त्याने घरी मित्रांना बोलावून त्या लाकडांवर मांस भाजले, अशी कथा आहे. ती खरी की रचलेली यावर तेथे एकमत नाही. तो स्वतः ती रंगवून सांगत असे, हे खरे. ज्याच्याविषयी दुसरेच सर्व कथा सांगतात त्याने एखादी आपली सांगितली, तर ती फार तपासू नये असे आम्हांस वाटते.

एक गोष्ट मात्र तो हसत सांगत नसे. विसाएक वर्षांनंतर तो एका दुकानात उभा होता. एका बाईने त्याला ओळखले आणि सोबतच्या लहान मुलाला सांगितले, बघ, याच माणसाने साऱ्या ब्राझीलला रडविले. त्या मुलाने तो सामना पाहिला नव्हता, तो तेव्हा जन्मलाही नव्हता. इतिहास पाठशाळेतच शिकविला जातो असे आपण समजतो. तो असा दुकानातही शिकविला जातो.

त्याच्या संघातला झिझिन्यो हा अप्रतिम खेळाडू दर वर्षी १६ जुलैला आपला टेलिफोन काढून ठेवीत असे, कारण लोक त्या दिवशी तोच प्रश्न विचारावयास फोन करीत. पण निदान झिझिन्योला तो टेलिफोन काढून ठेवता येत होता. १९९३ साली राष्ट्रीय संघ सराव करीत होता तेथे बार्बोझा गेला. गोलरक्षक ताफारेल याला भेटून शुभेच्छा द्याव्यात, एवढाच हेतू. त्याला आत घेतले नाही. त्याची सावली संघावर पडू नये, असा तेथल्या कोणाचा तरी विचार पडला. त्यानंतर त्या सप्टेंबरात ब्राझीलने उरुग्वेला माराकानावर दोन-शून्य असे हरविले आणि पुढल्या वर्षी विश्वचषकही जिंकला. १९५८ पासूनचा हा चौथा. म्हणजे चषक मिळाले नाहीत म्हणून जखम ओली राहिली, असेही म्हणता येत नाही.

आपल्या स्थितीचे वर्णन बार्बोझाने एका वाक्यात केले आहे. ब्राझीलच्या कायद्यात तेव्हा मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची होती. मी न केलेल्या गुन्ह्याची पन्नास वर्षे भोगली, असे तो म्हणाला. कायदेपंडितालाही याहून नेमके बोलता आले नसते.

त्याच्या मागे ब्राझीलच्या गोलात काळा माणूस किती वेळा उभा राहिला? १९६६ च्या विश्वचषकात मांगा नावाच्या गोलरक्षकाला एक सामना मिळाला; ब्राझील तो हरला, आणि जुने शहाणपण पुन्हा वर आले. त्यानंतर विश्वचषकात ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा काळा गोलरक्षक दिसला तो २००६ साली, दिदा. मध्ये चाळीस वर्षे गेली. या चाळीस वर्षांत ब्राझीलने पेलेपासून पुढे काळ्या खेळाडूंच्या गोलांवर आपला सारा मोठेपणा उभारला. गोल करण्याचा अधिकार दिला गेला होता. राखण्याचा विश्वास दिला गेला नव्हता.

तसे पाहिले तर लिहिणाऱ्यांनी त्याची अगदीच उपेक्षा केली असे नाही. १९८६ साली पावलो पेर्दिगांव यांनी त्या एका पराभवाचे शवविच्छेदन करणारे पुस्तक लिहिले. १९८८ साली जोर्जी फुर्तादो व आना लुइझा आझेवेदो यांनी ‘बार्बोझा’ याच नावाचा लहानसा चित्रपट काढला. त्यात लहानपणी तो सामना पाहिलेला एक मनुष्य काळाच्या मागे प्रवास करून १९५० मध्ये जातो. बार्बोझाला सावध करावे म्हणून तो गोलामागून हाक मारतो. बार्बोझा त्या हाकेने क्षणभर विचलित होतो, आणि गोल होतो. म्हणजे ज्याला वाचवावयास गेलो त्याला आपणच बुडविले. दोष देणाऱ्यांच्या गर्दीत आपणही होतो, हे इतक्या सरळपणे दुसऱ्या कोणी कबूल केलेले आमच्या पाहण्यात नाही.

८ जुलै २०१४ रोजी, ब्राझीलमध्येच भरलेल्या विश्वचषकात, जर्मनीने ब्राझीलला सात-एक असे हरविले. त्या रात्री कित्येकांना बार्बोझाची आठवण झाली, आणि आता त्याची सुटका झाली असे अनेकांनी लिहिले. तो तेव्हा हयात असावयास हवा होता. घिजिया होता. घिजिया वारला तो १६ जुलै २०१५ रोजी. त्या गोलाला त्या दिवशी बरोबर पासष्ट वर्षे झाली होती आणि १९५० च्या उरुग्वेच्या विजयी संघातला तो शेवटचा माणूस होता.

बार्बोझाची पत्नी क्लोतिल्दे १९९७ साली वारली. अखेरची वर्षे त्याने साव पावलो प्रांताच्या किनाऱ्यावर, प्राया ग्रांदे या गावी काढली. पैशाची चणचण होती, क्लबाची थोडी मदत होती, आणि लेकीसारखी काळजी घेणारी एक स्नेही बाई होती. ७ एप्रिल २००० रोजी तो मरण पावला. वास्कोच्या अध्यक्षांनी त्या बारा खेळाडूंसाठी पत्र लिहिले त्याला त्याच दिवशी शहात्तर वर्षे पुरी झाली. वास्कोने अलीकडे रिओमध्ये खेळाडूंच्या सरावासाठी नवे मैदान केले, त्याला मोआसीर बार्बोझाचे नाव दिले आहे. क्लबाचे तरुण गोलरक्षक आता रोज सकाळी त्या नावाच्या फाटकातून आत जातात.